कोल्हापूरहून इटलीला शिकायला जाताना: कागदपत्रे, परीक्षा आणि युरोपातील भटकंती

इटलीतील विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे ठरले की घरात पहिली चर्चा भाषेची आणि जेवणाची होते. या दोन्ही गोष्टी तिथे गेल्यावर हळूहळू जमतात. तिथे गेल्यावर जमत नाही तो तहसीलदार कचेरीतला उत्पन्नाचा दाखला, आणि इटलीतल्या दोन वर्षांचा खर्च बऱ्याच अंशी त्याच दाखल्यावर ठरतो. म्हणून तयारीची सुरुवात इटालियन शिकवणीने न करता घरच्या कागदपत्रांपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

इटलीतील सरकारी विद्यापीठे फी आकारताना कुटुंबाचे उत्पन्न पाहतात. त्याखेरीज प्रत्येक प्रांताची शिष्यवृत्ती देणारी स्वतंत्र संस्था असते. तुरिनकडे एदिसू, बोलोन्याकडे एर्गो, पादोव्याला एझू आणि तोस्काना प्रांतात देसू. ही शिष्यवृत्ती मिळाली तर रोख रक्कम, फीमाफी, विद्यार्थी खानावळीतील जेवण आणि बऱ्याचदा वसतिगृहातील जागा एवढे सगळे पदरात पडते. पहिल्या वर्षी तिचा मुख्य आधार गुण नसून कौटुंबिक उत्पन्न असते. परदेशी कुटुंबाचे उत्पन्न मोजण्यासाठी ‘इझेए पारिफिकातो’ नावाचे प्रमाणपत्र इटलीतील काफ या करसल्ला केंद्राकडून काढावे लागते, आणि त्यासाठी कुटुंबातील व्यक्तींची यादी, प्रत्येकाचे उत्पन्न, ३१ डिसेंबर रोजीची बँकेतील शिल्लक आणि राहत्या घराचे क्षेत्रफळ एवढी माहिती सरकारी शिक्क्यानिशी द्यावी लागते.

इथे पहिली अडचण वर्षाची येते. आपले आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असते, तर इटलीचे जानेवारी ते डिसेंबर. शिवाय हिशेब चालू वर्षाचा नसून दोन वर्षांमागचा मागितला जातो. २०२६ च्या प्रमाणपत्रासाठी २०२४ चे उत्पन्न लागते. त्यामुळे दाखल्याचा अर्ज करतानाच कोणत्या कालावधीचे उत्पन्न हवे आहे ते लेखी मांडावे आणि शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेची त्या वर्षीची नियमावली सोबत जोडावी. वडील नोकरीत असतील तर पगारपत्रकांवरून महिनावार आकडा काढता येतो. उत्पन्न शेतीचे असेल तर प्राप्तिकर विवरणपत्रात ते करपात्र म्हणून दिसत नाही, म्हणून सातबारा, साखर कारखान्याची ऊसबिले आणि दूध संस्थेची बिले तलाठ्यांकडे नेऊन त्यावरून दाखला तयार करून घ्यावा लागतो. याला वेळ लागतो आणि ऊसतोडणीच्या हंगामात तलाठी चावडीत भेटतीलच असे नाही.

दुसरी अडचण घराच्या मापाची. शहरात प्रॉपर्टी कार्ड आणि घरफाळ्याची पावती, गावात ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, यांवर क्षेत्रफळ बहुधा चौरस फुटांत असते. इटलीला ते चौरस मीटरमध्ये हवे असते. एक चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६ चौरस फूट. परदेशातील बांधकामाची किंमत ठरवताना तिथे चौरस मीटरला सरसकट ५०० युरो हा दर धरतात, म्हणजे हजार चौरस फुटांचे साधे घर कागदावर सुमारे ४६,५०० युरोंचे होते. त्यामुळे उताऱ्यावर राहते घर आणि जनावरांचा गोठा एकाच आकड्यात आले असतील तर ते वेगवेगळे दाखवून घ्यावेत.

तिसरी अडचण आपल्याकडचीच खास. वडिलांचे नाव रेशनकार्डावर ‘बाळासो’, आधार कार्डावर ‘बाळासाहेब’ आणि बँकेत ‘बाळू’ असे असते. आपल्याला या तिन्ही नावांचा माणूस एकच आहे हे कळते, पण बोलोन्यातील कारकुनाला ते तीन वेगळे गृहस्थ वाटतात. सगळे कागद पासपोर्टवरील नावाशी जुळवून घ्यावेत, आणि जिथे ते शक्य नसेल तिथे प्रतिज्ञापत्र करून तेही इतर कागदांबरोबर पाठवावे. सर्व दाखले राज्य शासनाच्या पातळीवर प्रमाणित करून, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का, घेऊन, मग त्यांचे इटालियन भाषांतर करावे. हा क्रम उलटा केला तर अपोस्टिलवरील मजकूर भाषांतराबाहेर राहतो.

प्रवेशाचा भाग त्या मानाने सरळ आहे. विद्यापीठाचे पत्र आल्यावर युनिव्हर्सिटाली या सरकारी संकेतस्थळावर पूर्वनोंदणी करावी लागते. पदवीच्या पडताळणीसाठी विद्यापीठाच्या मागणीप्रमाणे वकिलातीकडून ‘दिक्यारात्सिओने दि वालोरे’ किंवा चिमेआ या संस्थेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यानंतर मुंबईच्या इटालियन वकिलातीच्या कक्षेत दीर्घ मुदतीचा ‘डी’ प्रकारचा व्हिसा मिळतो.

बॅग भरताना एक गोष्ट आजी-आईला आधीच सांगून ठेवावी. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुग्धजन्य पदार्थ सोबत आणता येत नाहीत, त्यामुळे तूप, खवा आणि पेढे घरीच ठेवावे लागतात. ओला कढीपत्ताही चालत नाही. कांदा-लसूण मसाला मात्र दोन पिशव्यांत घट्ट बांधून न्यावा. दुधाची उणीव भासत नाही, कारण उत्तर इटलीतील पो नदीच्या खोऱ्यात चीजसाठी दूध देणाऱ्या अनेक गोठ्यांत पंजाबी माणसे काम करतात आणि दक्षिणेकडील काम्पानिया प्रांतात तर म्हशीच्या दुधाचे मोझ्झारेल्ला करतात. कट्ट्यावर उभे राहून धारोष्ण दूध प्यालेल्या माणसाला ते खाताना परके वाटत नाही.

पोहोचल्यावर आठ कामकाजी दिवसांच्या आत रहिवास परवान्याचा, म्हणजे पेर्मेस्सो दि सोज्जोर्नोचा, अर्ज करणे बंधनकारक आहे. हा अर्ज पोलीस ठाण्यात करायचा नसून टपाल कार्यालयात करायचा असतो, आणि तोही फक्त ‘स्पोर्तेल्लो आमिको’ अशी पाटी असलेल्या खिडकीवर. तिथे पिवळ्या पट्टीचे पाकीट फुकट मिळते. आतला फॉर्म काळ्या शाईने भरावा, पासपोर्टच्या सर्व वापरलेल्या पानांच्या छायाप्रती जोडाव्यात, १६ युरोंचा मुद्रांक तंबाखूच्या दुकानातून विकत आणावा आणि पाकीट उघडेच न्यावे, कारण कारकून आतले कागद तपासून मगच ते स्वीकारतो. एका वर्षापर्यंतच्या परवान्यासाठी ७०.४६ युरोंचे शुल्क आणि टपालाचे ३० युरो वेगळे भरावे लागतात. मिळालेली पावती जपून ठेवावी. पुढचे कित्येक महिने तीच परवान्याच्या जागी दाखवावी लागते. बोटांचे ठसे देण्यासाठी नंतर क्वेस्तूरा या पोलीस कार्यालयात ठरलेल्या तारखेला जावे लागते. घर भाड्याने घेताना नोंदणीकृत करारच घ्यावा. घरमालकाने परदेशी भाडेकरूची माहिती ४८ तासांत पोलिसांना देणे कायद्याने आवश्यक आहे, आणि जो मालक त्याला टाळाटाळ करतो त्याची खोली कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी.

अभ्यासाची पद्धत आपल्यापेक्षा फार वेगळी आहे. प्रत्येक विषयाला ३० पैकी गुण असतात, उत्तीर्ण होण्यासाठी १८ लागतात, आणि अंतिम पदवी ११० पैकी मोजली जाते. शिवाजी विद्यापीठात तीन तासांचे पेपर लिहून आलेल्या विद्यार्थ्याला सर्वांत जड जाते ती तोंडी परीक्षा. प्राध्यापक समोर बसतात, भोवती इतर विद्यार्थी ऐकत असतात, आणि पुष्कळदा पहिला प्रश्न असतो तो ‘तुमच्या आवडीच्या विषयापासून सुरू करा’ असा. हा प्रश्न आधीच गृहीत धरून एक मुद्दा आकृतीसह दहा मिनिटे बोलता येईल इतका पक्का करून ठेवावा. शेवटी प्राध्यापक गुण सांगून ते मान्य आहेत का असे विचारतात. नको असल्यास नम्रपणे नाकारून पुढच्या सत्रात पुन्हा बसता येते. ही सोय मोहात पाडणारी आहे, पण शिष्यवृत्ती टिकवण्यासाठी ठरावीक तारखेपर्यंत ठरावीक क्रेडिट जमवावे लागतात आणि परवान्याच्या नूतनीकरणासाठीही पहिल्या वर्षी किमान एक आणि त्यापुढे दरवर्षी किमान दोन परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात. म्हणून २४ गुण मिळाले तर ते निमूटपणे घ्यावेत, असे मी सुचवीन. अर्धवेळ कामाची परवानगी आठवड्याला २० तास आणि वर्षाला १,०४० तासांपर्यंत असते.

आता भटकंतीविषयी. डी व्हिसाची मुदत चालू असताना किंवा परवान्याचे कार्ड हाती आल्यावर शेंगेन क्षेत्रातील, म्हणजे सामाईक व्हिसा-नियम असलेल्या युरोपीय देशांच्या गटातील, इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येते. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसले तरी शेंगेनमध्ये आहे. आयर्लंड संघात असूनही शेंगेनमध्ये नाही. मूळ पासपोर्ट आणि कार्ड कायम जवळ बाळगावे, कारण फ्रान्सच्या सीमेवर व्हेन्तिमीलियाला रेल्वेत तपासणी होते आणि मोबाइलमधील फोटो तिथे चालत नाही. युरोपात राहणाऱ्यांसाठी असलेला इंटररेल हा रेल्वेचा पास आपल्या विद्यार्थ्यालाही रहिवास परवान्यावर घेता येतो. संग्रहालयांत मात्र नीट विचारावे: पॅरिसचे लूव्र संग्रहालय युरोपीय संघातील २६ वर्षांखालील रहिवाशांना मोफत आहे, तर इटलीच्या सरकारी संग्रहालयांतील दोन युरोंची तरुणांची सवलत नागरिकत्वावर असल्याने आपल्याला मिळत नाही. तिथे महिन्याच्या पहिल्या रविवारी सर्वांना मोफत प्रवेश असतो, तो दिवस साधावा.

इटलीतल्या प्रादेशिक गाड्यांचे कागदी तिकीट फलाटावरील यंत्रात शिक्का मारून मगच गाडीत बसावे. शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड होतो. संपाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत कामाच्या दिवशी प्रादेशिक गाड्या कायद्याने चालवाव्या लागतात, त्यानुसार परत येण्याची वेळ ठरवावी. आल्प्स पाहायचा असेल तर इटलीतील तिरानोहून सेंट मॉरिट्झला जाणाऱ्या लाल गाडीचे काचेच्या छताचे महागडे डबे सोडून त्याच रुळांवरून धावणारी साधी गाडी घ्यावी. दृश्य तेच असते आणि आगाऊ आरक्षणही लागत नाही.

फ्लॉरेन्सला गेल्यावर कोल्हापूरकराने नुसते उफिझी कलासंग्रहालय पाहून परत फिरू नये. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी याच शहरात वयाच्या विसाव्या वर्षी निधन पावले आणि आर्नो व मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले. कास्चिने उद्यानाच्या पश्चिम टोकाला छत्रीखाली त्यांचा रंगीत अर्धपुतळा आहे. स्मारकाची रचना करणारे मेजर मँट हेच कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचेही वास्तुविशारद. शेजारच्या पुलालाही ‘भारतीयाचा पूल’ असे नाव आहे. स्टेशनजवळून ट्राम उद्यानाच्या पूर्व टोकापाशी पोहोचवते. पुढचे अंतर बरेच असल्याने भाड्याची सायकल घेणे सोयीचे, आणि संध्याकाळनंतर त्या बाजूला एकट्याने थांबू नये.

राहिली घरी येण्याची गोष्ट. डी व्हिसा संपला आणि कार्ड अजून आले नाही, या मधल्या काळात पावतीवर भारतात येऊन परत जाता येते, पण वाटेत दुसऱ्या शेंगेन देशात उतरता येत नाही. अशा वेळी फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे मिळणारे स्वस्त तिकीट घेऊ नये. मिलान किंवा रोमहून दुबई, अबुधाबी वा दोहामार्गे मुंबईचे तिकीट काढावे, आणि परतताना विमानतळावर दाखवण्यासाठी मूळ पावती, जुना व्हिसा असलेला पासपोर्ट व विद्यापीठाचे नोंदणीपत्र हातातल्या पिशवीतच ठेवावे.