गॅसची गोळी घेताना या चुका टाळा

आमच्या मामांच्या बंडीच्या खिशात दोन वस्तू हमखास असायच्या, खर्र्याची (तंबाखू-सुपारीची) पुडी अन् गॅसच्या गोळ्यांची अर्धी स्ट्रिप. वावरातून आले, जेवले, आंबट ढेकर आली की गोळी. डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या लिहून दिल्या होत्या, मामा पाच-सहा वर्षं घेत राहिले.

सगळ्यात जास्त घोळ वेळेचा होतो. पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल या गोळ्या पोटात आम्ल सोडणारे पंप बंद करतात, आणि ते पंप जेवणानं चालू होतात. म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी हवी. कापूस वेचायला पहाटे निघणाऱ्या बाईनं उठल्या-उठल्या घ्यावी, चहा-पोळी नंतर. पूर्ण असर यायला तीन-चार दिवस लागतात. तासाभरात आराम पडला नाही म्हणून दुसरी घेऊ नका. चावूनही खाऊ नका, वरचं आवरण पोटातल्या आम्लापासून औषध वाचवायलाच असतं.

मामांनी दोनदा गोळी एकदम सोडली. दोन-तीन दिवसांत छाती अशी पेटली की "माझा रोगच जुना" म्हणत पुन्हा सुरू केली. खरं तर खूप दिवस दाबलेलं आम्ल अचानक मोकळं झालं की काही काळ जास्तच उसळतं. शेवटी डॉक्टरांनी डोस कमी करत, मग दिवसाआड करत ती सोडवली. खर्राही सोडायला सांगितला. तो मात्र अजून पुरता सुटलेला नाही, याचं मला वाईट वाटतं.

थोड्या दिवसांच्या कोर्सला फारसा त्रास होत नाही. कोणाचं डोकं दुखतं, कोणाला जुलाब लागतात. वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, हाड मोडण्याचा धोका वाढतो. हातापायाला मुंग्या येत असतील, पायात गोळे येत असतील तर डॉक्टरांना गोळीचं आवर्जून सांगा. लोहही नीट अंगी लागत नाही, त्यामुळे रक्तवाढीच्या गोळ्या घेणाऱ्या बायांनी तर सांगायलाच हवं. हृदयासाठी क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्रॅझोल मनानं घेऊ नका, त्यानं क्लोपिडोग्रेलचा असर घटतो.

फवारणीनंतर अंग दुखतं म्हणून रोज डायक्लोफिनॅक घेणाऱ्यांची जळजळ बरेचदा त्या गोळीतूनच येते. पण डॉक्टरांनीच दोन्ही सोबत दिल्या असतील तर गॅसची गोळी परस्पर बंद करू नका.

काळी शौच, गिळताना अडकणं, विनाकारण वजन उतरणं, यातलं काही दिसलं तर मेडिकलवर नाही, दवाखान्यात जा. आणि छाती दाबल्यासारखी होऊन घाम फुटला, दुखणं हातात नाहीतर जबड्यात गेलं, तर गॅस समजून गोळी शोधत बसू नका. लगेच १०८ लावा.