एक तास, तीन हिशेब: अमेरिकेतल्या नर्स प्रॅक्टिशनरसाठी सीई क्रेडिटची मांडणी

अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर (रुग्ण तपासून औषधं लिहून देऊ शकणारी प्रगत प्रशिक्षित नर्स) म्हणून काम करताना सीई क्रेडिटचा, म्हणजे नोकरीत असताना चालू ठेवायच्या शिक्षणाच्या तासांचा, हिशेब साधारणपणे तीन ठिकाणी द्यावा लागतो. पहिली राष्ट्रीय सर्टिफिकेशन देणारी संस्था, दुसरं राज्याचं नर्सिंग बोर्ड, आणि नियंत्रित औषधं लिहून देत असाल तर तिसरी डीईए, म्हणजे अशा औषधांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय यंत्रणा. तिघांच्या मुदती वेगळ्या आणि नियमही वेगळे. पण कोर्स नीट निवडला तर एकच तास तिन्हीकडे लागू पडतो. घोळ होतो तो बहुधा तास कमी पडल्यामुळे नाही, तर सर्टिफिकेटवर हवा तो शब्द नसल्यामुळे.

आधी नावांचा गुंता सोडवू. एएएनपी ही नर्स प्रॅक्टिशनरांची संघटना. ती स्वतःही कोर्सना मान्यता देते. एएएनपीसीबी हे वेगळं सर्टिफिकेशन बोर्ड, तुमच्या नावापुढचं एफएनपी-सी (फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरचं सर्टिफिकेशन) तिथून येतं. संघटनेची वर्गणी भरली म्हणजे बोर्डाचं रिन्युअल झालं, असं होत नाही. एएनसीसी ही दुसरी मोठी संस्था तर दोन भूमिका वठवते: एफएनपी-बीसी किंवा मानसिक आरोग्यासाठीचं पीएमएचएनपी-बीसी ही सर्टिफिकेशनं देते आणि कोर्स देणाऱ्या संस्थांनाही मान्यता देते. त्यामुळे ‘एएनसीसीचे तास’ म्हटल्यावर तुमच्या रिन्युअलला लागणारे तास की एएनसीसी-मान्य संस्थेनं दिलेले तास, हे आधी विचारून घ्यावं. दुसऱ्या प्रकारचे तास एएएनपीसीबीलाही चालतात.

आता आकडे. एएएनपीसीबीचा फेरा ५ वर्षांचा. परीक्षा पुन्हा द्यायची नसेल तर १,००० तास क्लिनिकल काम आणि १०० तास सीई लागतात, त्यातले २५ प्रगत फार्माकॉलॉजीचे (औषधशास्त्राचे). वर्षाला २०, त्यात ५ फार्माकॉलॉजीचे, असा वेग ठेवला की शेवटच्या वर्षी धावपळ होत नाही. कामाचे तास आठवड्याला जेमतेम चार पडतात, पण दोन-तीन वर्षं घरी थांबलेल्यांना हाच आकडा अडवतो. विद्यार्थ्यांचं प्रिसेप्टिंग (प्रत्यक्ष कामात मार्गदर्शन) केलं असेल तर जास्तीत जास्त २५ क्रेडिट त्यातून मिळतात, मात्र फार्माकॉलॉजी सोडून उरलेल्या ७५ मध्येच.

एएनसीसीचा फेराही ५ वर्षांचाच, मांडणी वेगळी. ७५ कॉन्टॅक्ट अवर (सीईचे तास) सक्तीचे, त्यातले २५ फार्माकोथेरप्युटिक्सचे (औषधोपचाराचे), आणि किमान अर्धे रीतसर मान्यता असलेल्या कोर्सचे. याशिवाय इतर प्रकारांतला निदान एक पुरा करायचा: आणखी ७५ तास सीई, किंवा विद्यापीठाचे ५ सेमिस्टर क्रेडिट, किंवा १२० तास प्रिसेप्टिंग, किंवा १,००० तास काम, असे पर्याय आहेत. म्हणजे एएएनपीसीबीत काम सक्तीचं आणि प्रिसेप्टिंगनं सीईचे तास कमी होतात, तर एएनसीसीत काम हा नुसता एक पर्याय आणि प्रिसेप्टिंगनं ते ७५ तास एकानंही घटत नाहीत. संस्था बदलून आलेल्या सहकाऱ्याचा सल्ला इथेच चुकतो.

लहान मुलांच्या क्षेत्रातल्यांची पीएनसीबी दरवर्षी रिन्युअल मागते, १ नोव्हेंबर ते ३१ जानेवारीच्या खिडकीत. स्त्री-आरोग्याची एनसीसी ३ वर्षांच्या फेऱ्यात आधी मूल्यमापन चाचणी द्यायला लावते आणि तिच्या निकालावरून कुठल्या विषयात किती तास करायचे ते ठरवून देते. म्हणून एनसीसीवाल्यांनी चाचणीआधी कोर्सची खरेदी करू नये.

आता सर्टिफिकेट. कोर्सची जाहिरात वाचण्यापेक्षा त्याचं क्रेडिट-निवेदन वाचा; ते साधारणपणे पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असतं. समजा तिथे असं लिहिलंय: १.५ एएमए पीआरए कॅटेगरी १ क्रेडिट, नर्सेससाठी १.५ कॉन्टॅक्ट अवर, पैकी ०.७५ फार्माकॉलॉजी, फार्मासिस्टसाठी ०.१५ सीईयू. हे तिन्ही एकाच दीड तासाचे आकडे आहेत, बेरीज करायची नाही. १ सीईयू म्हणजे १० तास, म्हणून ०.१५ सीईयू म्हणजे दीड तास. सर्टिफिकेटवर फक्त ‘०.१५’ दिसलं म्हणून कुणी तेवढाच आकडा पोर्टलवर भरतं आणि सव्वा तासाहून जास्त गमावतं; उलट कुणी ‘१.५ सीईयू’ लिहून १५ तास दाखवतं आणि ऑडिटमध्ये अडकतं.

एएमए कॅटेगरी १ हे मुळात डॉक्टरांचं क्रेडिट. नर्स प्रॅक्टिशनरला त्या कार्यक्रमाचं हजेरीचं प्रमाणपत्र मिळतं. ‘हा कार्यक्रम इतक्या क्रेडिटसाठी मान्य होता’ हे वाक्य त्यावर असलं पाहिजे. दोन्ही मोठ्या संस्था असे तास धरतात. पोर्टलवर नाव नोंदवताना व्यवसायाच्या रकान्यात नुसतं ‘नर्स’ किंवा चुकून ‘फिजिशियन’ निवडलं गेलं की चुकीच्या साच्याचं सर्टिफिकेट तयार होतं, आणि काही पोर्टलवर ते नंतर बदलता येत नाही. जॉइंट ॲक्रेडिटेशनचं चिन्ह दिसलं तर निम्मी काळजी मिटली: डॉक्टर, फार्मासिस्ट आणि नर्सेस या तिघांच्या मान्यता-संस्थांनी मिळून उभी केलेली ती व्यवस्था आहे.

फार्माकॉलॉजीचा आकडा वेगळा छापलेला नसेल तर तो विषय कितीही औषधांचा असो, शून्य धरा. मधुमेहावरच्या दोन तासांच्या भाषणात सव्वा तास इन्सुलिनवरच गेला, हे ऑडिट करणाऱ्याला कागदावर दिसत नाही. कोर्स आधीच झाला असेल तर देणाऱ्या संस्थेला लिहून वेगळा आकडा असलेलं सुधारित सर्टिफिकेट मागा. कार्यक्रम ताजा असताना ते सहज मिळतं, चार वर्षांनी नाही. परिषदेचं सर्टिफिकेट ‘जास्तीत जास्त २१.५’ असं असतं. बसलात तेवढ्याच सत्रांचा दावा करायचा, आणि दाव्याची खिडकी बंद होण्याआधी मूल्यांकनाचा फॉर्म भरायचा. फॉर्म राहिला की हजेरी लावूनही सर्टिफिकेट निघत नाही.

हॉस्पिटलचं ओरिएंटेशन, बीएलएस (प्राथमिक जीवरक्षण प्रशिक्षण), एकच कोर्स दुसऱ्यांदा: हे हिशेबात धरूच नका. मुंबई-पुण्यातल्या परिषदेचं किंवा महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या सीएनईचं (नर्सिंगच्या निरंतर शिक्षणाचं) प्रमाणपत्र असेल तर त्यावर अमेरिकी मान्यताप्राप्त संस्थेचं क्रेडिट-निवेदन आहे का ते पाहा. नसेल तर तो कागद इथल्या फाइलमध्ये नको.

राज्यांचे नियम सरसकट सांगता येत नाहीत, म्हणून दोन नमुने. कॅलिफोर्नियात २ वर्षांना ३० तास, आणि कोर्स देणाऱ्याचा बोर्डाकडचा सीईपी क्रमांक सर्टिफिकेटवर हवा. सर्टिफिकेटं ४ वर्षं जपायची. टेक्सासमध्ये २ वर्षांना २० तास, तेही तुमच्या भूमिकेला आणि रुग्णगटाला साजेसे. औषधं लिहिण्याचा अधिकार असेल तर वर ५ तास फार्माकोथेरप्युटिक्सचे, नियंत्रित औषधं लिहीत असाल तर आणखी ३. राज्यं विषयही ठरवून देतात: मानवी तस्करी, ओपिऑइड (अफूवर्गीय वेदनाशामकं), पूर्वग्रह वगैरे. हे विषय विधानसभांच्या अधिवेशनांनुसार बदलतात, म्हणून रिन्युअलच्या वर्षाच्या सुरुवातीला बोर्डाचं पान एकदा उघडावंच.

डीईएचं सोपं आहे. २७ जून २०२३ पासून नोंदणी किंवा रिन्युअल करताना व्यसन-विकारांवरचं ८ तासांचं प्रशिक्षण झाल्याचं कबूल करावं लागतं. आयुष्यात एकदाच. आठही तास एका बैठकीत लागत नाहीत, जुने मान्य कोर्स जोडून चालतात, आणि ब्युप्रेनॉर्फिन या ओपिऑइडच्या व्यसनावरच्या औषधाच्या जुन्या परवान्यासाठी २४ तास केलेल्यांना वेगळं काही करायचं नाही. फक्त खूण करायची असते, म्हणूनच कागद हरवतात. सर्टिफिकेटं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. ती फार्माकॉलॉजीचा आकडा छापलेली निवडलीत तर सर्टिफिकेशनच्या २५ मध्येही बसतात, आणि विषय जुळला तर राज्याच्या ओपिऑइडच्या तासांतही.

नोंदीसाठी साधी स्प्रेडशीट पुरते. रकाने असे: पूर्ण झाल्याची तारीख, कोर्सचं नाव, देणारी संस्था, मान्यतेचा क्रमांक, एकूण तास, फार्माकॉलॉजी तास, राज्याचा सक्तीचा विषय, आणि सर्टिफिकेशन, राज्य, डीईए असे तीन टिक-रकाने. एक कोर्स म्हणजे एक ओळ, बेरीज प्रत्येक टिक-रकान्याची वेगळी. पीडीएफचं नाव तारखेनं सुरू करा, म्हणजे फाइली आपोआप ओळीत लागतात. ही सगळी फाइल स्वतःच्या खात्यात हवी. नोकरी सुटली की हॉस्पिटलच्या पोर्टलचा प्रवेश त्याच संध्याकाळी बंद होऊ शकतो.

मराठी माणसाला एक खास अडचण येते, नावाची. पासपोर्टवर मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, लायसन्सवर फक्त आद्याक्षर, कोर्सच्या पोर्टलवर माहेरचं आडनाव. फ्लोरिडासारख्या ठिकाणी सीई ब्रोकर या ऑनलाइन नोंदव्यवस्थेत तास लायसन्स क्रमांकावर जमा होतात, पण ऑडिटमध्ये कागद माणूस वाचतो. लायसन्सवरचं नाव जसंच्या तसं सगळ्या पोर्टलवर घाला आणि आडनाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्राची प्रत फाइलीत ठेवा.

शेवटी तारखा. एएनसीसी अर्ज भरण्याच्या दिवसापासून मागची ५ वर्षं मोजते. अर्ज मुदतीच्या वर्षभर आधीपासून भरता येतो, पण अर्जानंतर केलेले तास त्या अर्जात येत नाहीत. म्हणून आधी बेरीज, मग अर्ज. मुदत संपल्यावर मागच्या तारखेचं सर्टिफिकेट मिळत नाही, आणि मधल्या दिवसांतली बिलं विमा कंपन्या अडवू शकतात. कॅलेंडरवर मुदतीच्या १२ आणि ६ महिने आधी अशा दोन आठवणी लावा: पहिली कमी पडणारे तास मोजायला, दुसरी अर्ज पाठवायला.