परदेशी विद्यापीठातला ‘लेक्चरर’ नेमका कोण असतो?

शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातली, दापोलीच्या कृषी विद्यापीठातली, झालंच तर रत्नागिरी-कुडाळकडची मुलं बाहेर पीएचडीला अर्ज करण्याआधी माझ्याकडे सीव्ही पाठवतात. मार्क बरे असतात, फील्डवर्क तर झकास असतं. खाडीच्या चिखलात गुडघाभर रुतून नमुने काढलेली मुलं ही. घोळ होतो तो पदांच्या नावांत. ब्रिटनमधली एखादी ‘लेक्चरर’ नेमकी त्यांच्याच विषयातली असते, पण ‘नुसती लेक्चरर आहे’ म्हणून तिला वगळतात. आणि अमेरिकेतल्या ‘अॅडजंक्ट प्रोफेसर’ला मात्र मेलवर मेल. तो बिचारा बहुतेक वेळा एकेका कोर्सचे पैसे घेऊन शिकवणारा, म्हणजे जवळपास आपल्या तासिका तत्त्वावरच्या सरांसारखा. त्याच्याकडे ना लॅब, ना फंड.

आपल्या डोक्यात आपली उतरंड पक्की बसलेली असते. सहाव्या वेतन आयोगानंतर आपल्याकडे ‘लेक्चरर’ आणि ‘रीडर’ ही नावं गेली. असिस्टंट, असोसिएट आणि प्रोफेसर राहिले. 2018च्या यूजीसी नियमांनी वर सीनियर प्रोफेसर बसवला. मंजूर जागेवरचा असिस्टंट प्रोफेसर परिविक्षा संपली की कायम होतो. अमेरिकेत नाव तेच, पण टेन्युअर-ट्रॅकवरचा (टेन्युअर म्हणजे सहजासहजी काढून टाकता न येणारी नोकरी) असिस्टंट प्रोफेसर साधारण सहा वर्षं तराजूत असतो. पेपर, ग्रँट, शिकवणं सगळं तपासून टेन्युअर मिळालं तर तो बहुधा असोसिएट होतो, नाहीतर दुसरीकडे नोकरी शोधतो. म्हणून तिथला नवा असिस्टंट प्रोफेसर विद्यार्थ्यांच्या शोधात असतो. त्याला जरूर लिहा.

ब्रिटनच्या जुन्या रचनेत लेक्चरर, सीनियर लेक्चरर, रीडर, प्रोफेसर असा जिना आहे. तिथला लेक्चरर सहसा कायम नोकरीतला असतो, स्वतःचा गट चालवतो, पीएचडीचे विद्यार्थी घेतो. टेन्युअर मात्र तिथे 1988च्या कायद्याने संपलं. ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्यांनी असोसिएट प्रोफेसर वगैरे नावं घेतल्यामुळे आता एकाच देशात दोन पद्धती दिसतात. ऑस्ट्रेलियात ए ते ई अशा पाच पायऱ्या आहेत. तिथे असोसिएट प्रोफेसर चौथ्या पायरीवर, सीनियर लेक्चररच्याही वर. अमेरिकेतल्या तीन पायऱ्यांत तोच मधला. नावावरून मोठेपणा ठरवायला गेलात तर फसगत ठरलेली.

जर्मनीत चित्र वेगळंच. वर मोजके प्रोफेसर, त्यांच्या पगाराच्या श्रेणी डब्ल्यू-1 ते डब्ल्यू-3, आणि खाली बहुतेक सगळे करारावर. पात्रता मिळवण्याच्या काळातल्या या करारांना कायद्याने मर्यादा आहे: साधारणपणे पीएचडीच्या आधी सहा वर्षं, नंतर सहा. ‘प्रिव्हाटडोत्सेंट’ हे नाव ऐकायला भारदस्त. त्या माणसाने पीएचडीनंतरची हाबिलिटात्सिओन ही मोठी पात्रता मिळवलेली असते, शिकवायचा अधिकार असतो, पण त्या पदवीबरोबर पगार येतोच असं नाही.

मासळीवाल्यांसाठी नॉर्वे महत्त्वाचा. बर्गनला सागरी संशोधन संस्था आहे, ट्रॉम्सोच्या विद्यापीठात मत्स्यविज्ञानाचं स्वतंत्र महाविद्यालय आहे. तिथे पीएचडी करणारा ‘स्टिपेंडियाट’ म्हणजे नोकरदार. पगार घेतो, कर भरतो, आणि जागा रीतसर जाहिरातीने भरतात. ‘फर्स्टेअमानुएन्सिस’ हे नाव बघून पोरं दचकतात. तो तिथला असोसिएट प्रोफेसर, गाईड म्हणून उत्तम. फ्रान्सचा ‘मेत्र द कॉन्फेरान्स’ही तसाच कायम सरकारी नोकर. जपानने 2007 साली नावं बदलली, त्यामुळे जुन्या सीव्हीत वेगळी नावं दिसतात, एवढं लक्षात असू द्या.

मालवणकडचे आमचे एक काका कुणाच्याही नोकरीबद्दल एकच प्रश्न विचारतात, “पर्मनंट असा काय?” पोरं वैतागतात, पण परदेशी पद वाचायला याच्याइतका कामाचा प्रश्न नाही. त्याला आणखी दोन जोडा: हा माणूस एकट्याच्या नावावर पीएचडीचा विद्यार्थी घेऊ शकतो का, आणि विद्यार्थ्याचा पगार कुठल्या पैशातून येतो? उत्तरं विभागाच्या पानावर सापडतात. नाही सापडली तर मेलमध्ये सरळ विचारावं. कोणी रागावत नाही.

आता तुमच्याच सीव्हीकडे या, कारण उलट्या बाजूनेही गैरसमज होतो. आपल्याकडे नेट ही राष्ट्रीय परीक्षा काढून जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळते, दोन वर्षांनी तिची एसआरएफ, म्हणजे सीनियर, होते (2023 पासून दरमहा 37,000 आणि 42,000 रुपये). आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) प्रकल्पात तर एमएस्सी झालेला मुलगाही कंत्राटी एसआरएफ असतो. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात ‘सीनियर रिसर्च फेलो’ म्हणजे पीएचडी होऊन बरीच वर्षं झालेला, स्वतःची ग्रँट आणणारा संशोधक. पंचविशीतल्या मुलाच्या सीव्हीवर ते नाव दिसलं की वाचणारा एकतर गोंधळतो, नाहीतर त्याला फुशारकी वाटते. पद खोडू नका, पुढे अर्धी ओळ जोडा: ‘राष्ट्रीय परीक्षेतून मिळालेली पीएचडी शिष्यवृत्ती’ किंवा ‘प्रकल्पातील कंत्राटी संशोधन सहायक’. राष्ट्रीय परीक्षेचा उल्लेख तर ठळक करा, त्याचं तिकडे वजन पडतं.

मेलचा मायना: अमेरिकेत तिन्ही पायऱ्यांना ‘प्रोफेसर’ चालतं. ब्रिटनमध्ये लेक्चररला ‘डॉक्टर’ लिहा. जर्मनीत पूर्ण पदव्यांसकट लिहिलेलं बरं. नॉर्वेत दुसऱ्या मेलपासून नुसतं पहिलं नाव. आपल्याला ते जड जातं, पण जमवावं. ‘रिस्पेक्टेड सर’ मात्र कुठेच नको, विशेषतः समोर बाई असताना.

शिफारसपत्राचंही बघा. आपल्या कृषी विद्यापीठांत महाविद्यालयाच्या प्रमुखाला सहयोगी अधिष्ठाता म्हणतात. बाहेर असोसिएट डीन म्हणजे डीनच्या हाताखाली एखादं खातं सांभाळणारा. त्यामुळे ‘मी या महाविद्यालयाचा प्रमुख आहे’ एवढं वाक्य पत्रात घालायला सरांना सांगा. सर नाही म्हणत नाहीत. फक्त अंतिम तारखेच्या आदल्या संध्याकाळी, ते एसटी पकडायच्या घाईत असताना सांगू नका.