घर भाड्यानं देताय? विम्याच्या या चुका टाळा

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की माझा फोन वाजायला लागतो. "साहेब, गावभागातलं घर भाड्यानं दिलंय, आजच्या आज विमा होईल का?" नाही होणार. पुराचे व्हिडिओ विमा कंपनीवाल्यांच्या मोबाइलवरही येतात. हेच मी एप्रिलमध्ये सांगितलेलं असतं, तेव्हा "बघू हो, जरा उन्हाळा जाऊ दे" म्हणून चहा पाजून वाटेला लावलेलं असतं. तर यंदा एप्रिलमध्येच लिहून ठेवतो.

"बँकेनं विमा काढलाय की!" या वाक्याची मला आता धास्ती वाटते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ते ओसरल्यावर पुण्यात नोकरीला असलेले एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. शामरावनगरातलं खालच्या मजल्याचं घर भाडेकरूसकट बुडालेलं. हातात प्लास्टिकच्या पिशवीत फाईल, चेहऱ्यावर निर्धास्तपणा. फाईल उघडली तर आत कर्जाला जोडलेला आयुर्विमा. हप्ता एकरकमी, तोही कर्जातच मिसळलेला, म्हणून त्यांना कधी खटकलाच नाही. मी म्हटलं, "दादा, तुमचं काही बरंवाईट झालं असतं तर कर्ज फिटलं असतं. तुम्ही धडधाकट आहात, भिंती गेल्यात. भिंतींचा विमा कुठाय?" ते हसले. वहिनी नाही हसल्या.

काही बँका घराचा विमाही काढतात, पण तो बहुतेकदा कर्जाच्या रकमेपुरता आणि नुसत्या बांधकामाचा. कर्ज फिटलं की तो कधी संपला हे कुणाच्या ध्यानात नसतं. माझी सवय साधी आहे. पॉलिसीचं पहिलं पान काढायचं आणि पेन्सिलीनं तीन गोल करायचे: विमा कशाचा, पत्ता कुठला, मुदत कधी संपते. पहिल्या गोलात तुमचंच नाव सापडलं, तर तो घराचा विमा नव्हे.

दुसरी चूक जास्त चीड आणणारी आहे, कारण ती हुशार माणसं करतात. करारात भाडं कमी दाखवायचं. खरं भाडं १२ हजार, कागदावर ५ हजार, बाकीचं हातात. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. पूर, आग, भूकंपानं घर राहण्याजोगं उरलं नाही, तर बुडालेलं भाडंही तिच्यात मिळतं, जास्तीत जास्त तीन वर्षांचं. त्याच वर्षी जुलैत सांगलीत पुन्हा पाणी आलं. हरिपूर रस्त्याकडचे एक घरमालक तीन महिन्यांचं बुडालेलं भाडं मागायला गेले: ३६ हजार. नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरनं करार मागितला. करारात ५ हजार. मिळाले १५ हजार. "पण खरं भाडं सगळ्या गल्लीला माहीत आहे!" गल्लीचा दाखला क्लेमला जोडता येत नाही, काका.

वाचवलं किती, तेही बघा. भाडेकरारावर मुद्रांक शुल्क पाव टक्का. अकरा महिन्यांच्या भाड्यावर १२ हजारांच्या हिशेबानं ३३० रुपये, ५ हजारांच्या हिशेबानं १३७ रुपये ५० पैसे. दोनशे रुपयेसुद्धा वाचले नाहीत, २१ हजार गेले. आणि जे करारच नोंदवत नाहीत त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लेखी, नोंदलेला करार नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचंच म्हणणं धरलं जातं.

भाडेकरू ठेवला हे विमा कंपनीला कळवत नाहीत, हीही नेहमीची गोष्ट. स्वतः राहत होता तेव्हा पॉलिसी घेतली, मग बदली झाली, घर दिलं. एक ईमेल करा आणि पॉलिसीवर तशी नोंद करून घ्या. खालच्या हॉलमध्ये भाडेकरूनं हळदीची पोती रचली किंवा मेस सुरू केली, तरीही कळवा. ते मग नुसतं राहतं घर उरत नाही.

भाडेकरूचा फ्रीज, गाद्या, लॅपटॉप तुमच्या पॉलिसीत नसतात. नुसत्या सामानाची पॉलिसी त्याला वेगळी काढता येते. हे चावी देतानाच सांगा, नाहीतर पुरानंतर तो तुमच्याच दारात उभा.

विमा बांधकामाच्या खर्चाचा असतो, जागेच्या भावाचा नाही. विश्रामबागेत गुंठ्याला काय दर चाललाय ते मला ऐकवू नका.

एरवीची चोरी मूळ पॉलिसीत नाही. पूर किंवा आगीसारख्या घटनेनंतर सात दिवसांत झालेलीच चोरी धरतात. बाकीसाठी वेगळं संरक्षण घ्या.

साताऱ्याचे पाहुणे म्हणतात, आमच्याकडे कुठं पूर येतो? कोयनानगर तुमच्याच जिल्ह्यात आहे ना? ११ डिसेंबर १९६७ ची पहाट घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. भूकंप याच पॉलिसीत येतो.

आता उतावळ्या मंडळींसाठी. पाणी उतरलं की खराटा घेऊन धावू नका. गाळ काढायची घाई समजते, वास सहन होत नाही. पण आधी कंपनीला कळवा. मग भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेजवळ टेप धरून फोटो काढा, वायरिंगचा, फुगलेल्या दारांचा, सगळ्याचा. मगच खराटा. फेकायचंच असेल तर फोटो काढून अंगणात एका कोपऱ्यात रचा, सर्व्हेअर बघून जाईपर्यंत.

शामरावनगरच्या वहिनी आता दर मे महिन्यात भाडेकरूकडून प्रत्येक खोलीचा व्हिडिओ मागवतात आणि तो मलाही पाठवतात. मागच्या खेपेला त्यात भाडेकरूची मांजर ओट्यावर बसलेली होती.