‘रेकॉर्डिंग हाय की माझ्याकडं!’ : फोनवरचं बोलणं पुरावा म्हणून ठेवताना या चुका टाळा

मी कोल्हापुरात वकिली करतो. इथल्या कसबा बावड्याच्या कोर्टात महिन्यातून दोन-तीन पक्षकार तरी हे वाक्य म्हणत माझ्यासमोर फोन धरतात. उचगावकडचे एक पाहुणे असेच आले. चार लाख रुपये हातउसने दिलेले, समोरचा टोलवाटोलवी करतोय, पण फोनवर त्यानं पैसे घेतल्याचं कबूल केलंय. क्लिप लावली, आवाज स्वच्छ. म्हटलं, ज्या फोनवर हे रेकॉर्ड केलं तो कुठाय?

“तो दिवाळीत एक्सचेंजला दिला. मेहुण्याला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवलीवती, त्याच्याकडनं परत मागवली.”

निम्मा पुरावा त्या एक्सचेंजमध्येच गेला.

‘रेकॉर्ड केलं म्हणजे गुन्हा केला’ ही भीती

ज्या बोलण्यात आपण स्वतः आहोत ते रेकॉर्ड करणं गुन्हा ठरवणारं सरळ कलम आपल्याकडं नाही. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७२ सालीच याचा निकाल लावला. मलकानी मुंबईचे कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी; आरोप लाच मागितल्याचा. एका डॉक्टरच्या संमतीनं त्याच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडून त्यांचं बोलणं टिपलं होतं. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती होती, म्हणून टेलिग्राफ कायदा मोडला नाही आणि टेप पुराव्यात चालली.

पण म्हणून रान मोकळं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्याच २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. त्यामुळं रेकॉर्डिंग कशासाठी केलं आणि पुढं त्याचं काय केलं, हे आता जास्त बारकाईनं बघितलं जातं.

जाता जाता पोलीस ठाण्याचं. तिथं मोबाईल सुरू ठेवला म्हणून शासकीय गुपितांच्या कायद्याखाली गुन्हा घालता येत नाही, कारण पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं ‘निषिद्ध ठिकाण’ नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये सांगितलं आहे. तरी ठाण्यात मोबाईल नाचवत शिरू नका. दुसरी कलमं पोलिसांना पाठ असतात.

दुसऱ्यांचं बोलणं पकडणं

खरी गडबड इथं होते. नवऱ्यानं बायकोच्या फोनमध्ये ॲप घातलं, तिचे तिच्या माहेरच्यांशी झालेले कॉल आपल्याकडं वळवून ऐकले. किंवा बायकोनं नवऱ्याच्या गाडीत सीटखाली रेकॉर्डर ठेवला. या बोलण्यात रेकॉर्ड करणारा कुठंच नाही, म्हणजे मलकानी निकालाचा आधार सुटला. बेकायदा संदेश पकडण्याला दूरसंचार कायदा २०२३ च्या कलम ४२ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ वेगळीच.

१४ जुलै २०२५ ला विभोर गर्ग विरुद्ध नेहा हा निकाल आला आणि ‘आता बायकोचं रेकॉर्डिंग चालतंय’ अशी बातमी गल्लोगल्ली पोचली. निकाल तेवढा सैल नाही. नवरा-बायकोनं एकमेकांशी केलेलं बोलणं गुपचूप टिपलं असलं, तरी त्यांच्यातल्याच वैवाहिक दाव्यात ते पुराव्यात घेता येईल, एवढंच त्यात आहे. सासूचा फोन ऐकायची मुभा कुणी दिलेली नाही.

दुकानातल्या कॅमेऱ्याला माईक असतो, तोही मी बंद ठेवायला सांगतो. गल्ल्यावर लक्ष ठेवायला चित्र पुरतं.

मूळ फोन हातचा घालवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीबरोबर जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चा दाखला लागायचा, त्याच्या जागी आता कलम ६३ चा लागतो. त्याचे दोन भाग आहेत. एक भाग फोन ज्याच्या ताब्यात आहे त्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. दोन्हींत फाईलची हॅश व्हॅल्यू लिहायची. हॅश म्हणजे फाईलचा अंगठा म्हणा. मधला एक सेकंद जरी कापला तरी तो बदलतो. म्हणून ‘सुरुवातीचं रामराम-शामराम काढून टाकलं, साहेबांचा वेळ नको जायला’ असं कुणी सांगितलं की मी कपाळाला हात लावतो.

दाखल्याशिवाय प्रत चालणार नाही, हे २०२० मध्ये खोतकर विरुद्ध गोरंट्याल या आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात पक्कं झालं. त्याच निकालात एक वाटही आहे. फोनच्या मालकानं स्वतः साक्षीला उभं राहून तो मूळ फोनच हजर केला, तर दाखल्याची गरज नाही. आता सांगा, तो फोन एक्सचेंजला देऊन किती सूट मिळाली होती?

व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फाईलचं नाव बदलतं, जुनी तारीख जाते, व्हिडिओ दाबला जातो. काही फोनमध्ये ठरावीक दिवसांनी रेकॉर्डिंग आपोआप पुसायची सोय असते, ती आधी बंद करा. फाईल आहे तशी ठेवा, तिची एक प्रत पेनड्राईव्हवर घ्या, आणि त्या दिवशीची तारीख, वेळ, समोरचा नंबर वहीत लिहा.

काहीजण म्हणतात, “आता बेंच हितंच आलंय, वर बघू.” १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोर बसतंय, आमची मुंबईची खेप वाचली, हे खरंच. पण खाली न लावलेला दाखला वर आयत्या वेळी लावणं अवघडच.

‘देतो की!’

आपल्याकडच्या बोलण्याची ही खास अडचण. क्लिपमध्ये समोरचा म्हणतो, “देतो की रं, कुठं पळून चाललोय व्हय?” ऐकणाऱ्याला वाटतं, कबुली झाली. उलटतपासणीत तोच म्हणतो, “मी ट्रॅक्टरच्या भाड्याचं म्हणत होतो.” किती रुपये, कधी दिले, कशासाठी, यातलं काहीच त्याच्या तोंडून आलेलं नसतं. बहुतेक क्लिपांत आमचा पक्षकारच पाच मिनिटं बोलतो आणि समोरचा ‘हां हां’ करतो.

त्याहून घातक म्हणजे मुदत. हातउसन्या पैशाच्या वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो. मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणं ती वाढते ती लेखी आणि सही केलेल्या कबुलीनं, आणि ती कबुलीही मुदत संपायच्या आत व्हावी लागते. फोनवर दहा वेळा ‘देतो’ म्हटल्यानं एक दिवसही वाढत नाही.

क्लिप दाखवून धमकावणं, किंवा लाच देऊन मोकळं होणं

‘पैसे दे, नाहीतर ग्रुपवर टाकतो’ म्हटलं की फिर्यादीचा आरोपी झालाच म्हणा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८ खंडणीचं आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. लोकांत बदनामी झाली तर ते प्रकरण निराळं.

लाच मागितल्याचं रेकॉर्डिंग मिळालं, तर स्टेटसला लावू नका. समोरचा सावध होतो आणि सापळा फसतो. आधी १०६४ वर लाचलुचपत विभागाला कळवा. ते पंचांसमोर आपल्या रेकॉर्डरनं पडताळणी करतात. नाइलाजानं पैसे दिलेच असतील, तर सात दिवसांत तक्रार करा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, आणि जबरदस्तीनं द्यावी लागल्याचा बचाव या मुदतीतच टिकतो.

उचगावच्या पाहुण्यांचं मात्र थोडक्यात निभावलं. कागद चाळले, तेव्हा तीन वर्षं भरायला सात आठवडे होते. चारपैकी तीन लाख बँकेतून गेले होते. दावा त्या उताऱ्यावर लावला. क्लिप अजून मेहुण्याच्या फोनमध्येच आहे.