वाळूतल्या ओढीसाठी क्वाडचं कॅम टायमिंग

नागाव, दिवेआगरच्या भुसभुशीत वाळूत स्पोर्ट क्वाडला (चार चाकांच्या एटीव्हीला) टॉप स्पीडपेक्षा खालच्या आरपीएमची ओढ लागते. त्यासाठी कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या शाफ्टच्या) मापाने 2 ते 4 अंश पुढे घ्या, म्हणजे व्हॉल्व्ह लवकर उघडतील. मागे नेलात तर ताकद वरच्या आरपीएमकडे सरकते. चेनचा दात बदलून हे कधीच करू नका: 32 दातांच्या कॅम स्प्रॉकेटवर (चेनच्या दातेरी चाकावर) एक दात म्हणजे क्रँकचे 22.5 अंश, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतो. लांबट भोकांचं अ‍ॅडजस्टेबल स्प्रॉकेटच हवं.

स्पार्क प्लगभोवतीची वाळू हवेने उडवून मगच प्लग काढा; एक कणही आत गेला तर सिलिंडरवर ओरखडा. क्रँकवर डिग्री व्हील (अंशांची चकती) लावून पिस्टन स्टॉपने (पिस्टन अडवणाऱ्या खुंटीने) खरा टीडीसी, म्हणजे पिस्टनची सर्वात वरची जागा, शोधा. डायल गेज (हालचाल मोजणारं घड्याळी माप) इनटेक व्हॉल्व्हच्या रिटेनरवर, म्हणजे स्प्रिंगवरच्या टोपीवर, टेकवा. कमाल लिफ्टच्या (व्हॉल्व्ह सर्वात जास्त उघडण्याच्या) अर्धा मिमी आधी आणि अर्धा मिमी नंतर व्हीलवरचे आकडे घ्या. त्यांचा मध्य म्हणजे लोब सेंटर (कॅमच्या उंचवट्याचा मध्य). तो टीडीसीनंतर 108 अंशांवर असेल तर 105 वर आणा. क्रँक चालत्या दिशेनेच फिरवा, उलट फिरवल्यास चेनची ढील माप बिघडवते.

स्प्रॉकेटच्या बोल्टला थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावा, चेन ताणणारा टेन्शनर बसवा, इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. कुठेही अडलं तर जोर नको. पिस्टनवर मऊ माती ठेवून व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर मोजा: इनटेकला निदान 2 मिमी, एक्झॉस्टला 2.5.