गाडी रस्त्यात बंद पडते तेव्हा: डिकीत काय असावे आणि हाताशी काय असावे

गाडीत अडीअडचणीचे सामान ठेवण्याचा विषय निघाला की बहुतेकांना प्रथम स्टेपनी आणि जॅक आठवतो, म्हणजे गाडी पुन्हा चालू कशी करायची याचाच विचार आधी होतो. मात्र घाटात किंवा महामार्गावर थांबलेल्या गाडीला सर्वांत मोठा धोका मागून येणाऱ्या वाहनांचा असतो. म्हणून सामान निवडताना आणि लावतानाही क्रम असा ठेवावा, की आपली गाडी इतरांना लांबून दिसावी, माणसांनी सुरक्षित जागी जावे, कोणाला इजा झाली असल्यास तिकडे पाहावे आणि दुरुस्तीला त्यानंतरच हात घालावा.

दिसण्यासाठी तीन वस्तू पुरतात: परावर्तक त्रिकोण, प्रकाश पडताच चमकणारे परावर्तक जाकीट आणि बॅटरीचा दिवा. नव्या चारचाकीबरोबर त्रिकोण मिळतो, पण अनेक गाड्यांत तो प्लॅस्टिकच्या पिशवीत तसाच पडून असतो. तो एकदा घरी उघडून, त्याचे पाय नीट उभे राहतात का, हे पाहून ठेवावे. तो गाडीपासून किती अंतरावर ठेवायचा, हे वेगावर ठरते. समृद्धी महामार्गाच्या सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे आणि त्या वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर कापते. त्रिकोण पन्नास मीटरवर ठेवला, तर मागच्या चालकाला जेमतेम दीड सेकंद मिळतो. अशा रस्त्यावर शंभर मीटर किंवा त्याहून अधिक अंतर हवे. घाटात मात्र मीटर मोजत बसू नये. मागून येणाऱ्याला वळण घेण्यापूर्वीच दिसेल अशा बेताने तो वळणाच्या अलीकडे ठेवावा. ठेवायला जाताना जाकीट घालून, त्रिकोण छातीपुढे धरून, रस्त्याच्या अगदी कडेने आणि शक्य असेल तेथे क्रॅश बॅरियरच्या पलीकडून चालावे.

आपल्याकडे त्रिकोणाऐवजी झाडाची फांदी आणि चाकामागे मोठा दगड लावण्याची पद्धत आहे. फांदी रात्री दिसत नाही आणि दगड तर गाडी निघून गेल्यावर रस्त्यातच राहतो, मग मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या वाट्याला तो येतो. त्यासाठी लाकडाचे पाचरीच्या आकाराचे दोन ठोकळे डिकीत ठेवावेत. कोणताही सुतार ते उरलेल्या लाकडातून करून देतो.

चारही इंडिकेटर चालू करून गाडी जमेल तेवढी डावीकडे घेतल्यानंतर प्रवाशांनी गाडीत बसून राहू नये, विशेषतः द्रुतगती मार्गावर. रस्त्याच्या बाजूला नसलेल्या दारांनी उतरून बॅरियरच्या मागे उभे राहावे. पावसाळ्यात हेच नकोसे वाटते आणि माणसे गाडीतच थांबतात. म्हणून छत्रीपेक्षा रेनकोट ठेवणे बरे, कारण त्यात दोन्ही हात मोकळे राहतात. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक आहेत. बोलताना जवळच्या दगडावरचा किंवा फलकावरचा किलोमीटरचा आकडा आणि आपण कोणत्या दिशेने जात होतो हे सांगितले, तर मदत लवकर पोहोचते. फोन बंद पडला तर काय, हा विचार करून हे क्रमांक, विमा कंपनीच्या मदतसेवेचा क्रमांक आणि घरच्यांचे दोन क्रमांक कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावेत.

आता चाकांकडे वळू. स्टेपनीत हवा आहे का, हे पंक्चर झाल्यावर कळणे फार महागात पडते. वापरात नसलेल्या टायरचीही हवा हळूहळू कमी होत जाते, त्यामुळे दर वेळी हवा भरताना पाचव्या चाकाचाही दाब तपासून घ्यावा. टायरच्या बाजूवर ठशात चार आकडे असतात. ‘२३२१’ याचा अर्थ २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो तयार झाला. नक्षी शाबूत दिसली तरी रबर कालांतराने कडक होते, म्हणून कधीच न वापरलेल्या जुन्या स्टेपनीवर लांबचा प्रवास करू नये. मूळ टायरपेक्षा बारीक अशी तात्पुरती स्टेपनी असेल, तर तिच्यावर छापलेली वेगमर्यादा, जी बहुधा ८० किलोमीटर असते, पाळावी आणि पहिल्या दुकानाशी थांबावे. २०२०च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, टायरदाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती संच असलेल्या मोटारींना स्टेपनी नसली तरी चालते. आपली गाडी अशी असेल, तर तो संच कुठे आहे आणि त्यातील द्रवाची मुदत कधी संपते, हे पाहून ठेवावे.

जॅक आणि पाना गाडीबरोबर येतात, मात्र पाना आखूड असतो आणि टायरच्या दुकानात यंत्राने आवळलेले नट त्याने हलत नाहीत. पान्याच्या दांड्यावर बसेल असा दीड-दोन फुटांचा लोखंडी पाइप ठेवला, तर कमी ताकदीच्या माणसालाही ते सैल करता येतात. नट अर्धा फेरा सैल करण्याचे काम चाक जमिनीवर असतानाच करायचे असते, जॅक लावल्यानंतर नव्हे. जॅकखाली घालायला जाड फळीचा तुकडा असावा, नाहीतर पावसाने भिजलेल्या साइडपट्टीत तो रुततो. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही हात किंवा डोके घालू नये. ट्यूबलेस टायरसाठी रीमर (छिद्र साफ करणारे टोकदार हत्यार), सुई आणि छिद्रात भरायच्या रबरी पट्ट्यांचा छोटा संच आणि १२ व्होल्टवर चालणारा हवेचा पंप ही जोडी माझ्या मते स्टेपनीहूनही उपयोगी आहे, कारण खिळ्याचे पंक्चर असेल तर चाक न काढताच काम होते. टायरच्या बाजूला चीर पडली असेल, तर मात्र पट्टीचा उपयोग नाही.

बॅटरी उतरणे ही दुसरी नेहमीची अडचण. जंपर केबल घेताना वायरच्या आतील तांब्याची जाडी पाहावी. वरचे रबर जाड आणि आत तार बारीक असेल, तर ती तापते आणि इंजिन फिरतच नाही. जोडताना दोन्ही गाड्या एकमेकींना टेकलेल्या नसाव्यात आणि दोन्ही इंजिने बंद असावीत. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला आणि मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावी. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला लावून तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडू शकते, हे त्यामागचे कारण आहे.

गाडी ओढून नेण्यासाठी दोर किंवा पट्टा असावाच, पण त्याआधी तो अडकवण्यासाठी गाडीबरोबर मिळालेली कडी शोधून ठेवावी. ती बहुधा टूलकिटमध्ये असते आणि बंपरवरचे छोटे झाकण काढून आत फिरवून बसवायची असते. काही गाड्यांत तिचे आटे उलटे असतात. इंजिन बंद असताना स्टिअरिंग जड होते आणि एक-दोनदा दाबल्यानंतर ब्रेकही जड होतो, म्हणून घाटात दोराने ओढणे टाळावे. ऑटोमॅटिक आणि विजेवर चालणारी गाडी तर सपाट पाठीच्या ट्रकवरूनच न्यावी. इंजिन तापले असेल, तर रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. कूलंटची बाटली, दोन लिटर पिण्याचे पाणी, काही सुटे फ्यूज आणि जाड हातमोजे यांना फारशी जागा लागत नाही.

काही वस्तू डिकीत ठेवून उपयोगच नाही. काच फोडण्याची हातोडी आणि सीटबेल्ट कापण्याचे पाते चालकाच्या हाताशी असावे. २६ जुलै २००५ला मुंबईत पाण्यात अडकलेल्या गाड्यांमध्ये गुदमरून माणसे दगावली होती. पाण्यात दार उघडत नसेल, तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर घाव घालावा. समोरची काच थरांची असल्याने तडकली तरी फुटून पडत नाही. एक किलोचा, आयएसआय खुणेचा कोरड्या पावडरीचा अग्निशामकही पुढच्या सीटखाली पक्का बसवावा. बॉनेटमधून धूर येत असेल, तर ते पूर्ण उघडू नये, कारण हवा मिळताच आग भडकते. किंचित फट करून तिच्यातून फवारा मारावा. पावडर काही सेकंदांतच संपते, तेवढ्यात आग आटोक्यात आली नाही तर सर्वांनी दूर जावे.

प्रथमोपचार पेटीत गोळ्यांपेक्षा रक्तस्राव थांबवणाऱ्या वस्तू अधिक हव्यात: निर्जंतुक गॉज, रुंद क्रेप पट्ट्या, त्रिकोणी कापड, कात्री, रबरी हातमोजे, शिवाय ओआरएसची पाकिटे. उन्हात तापणाऱ्या गाडीत औषधे खराब होतात, म्हणून रोजच्या गोळ्या सोबतच्या पिशवीत घ्याव्यात. इतरांच्या अपघातात थांबायला लोक पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने कचरतात, परंतु २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १३४अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देते आणि नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

पेट्रोलचा कॅन, लायटर, डिओडरंटचा डबा या वस्तू गाडीत ठेवू नयेत आणि पॉवर बँक उन्हात सोडू नये. जॅक, पंप आणि पाइप पट्ट्याने बांधून ठेवावेत, कारण जोरात ब्रेक लागल्यावर सुटे लोखंड पुढे उडते. हे सर्व सामान सुटकेसच्या खाली जाणार नाही अशा बाजूच्या कप्प्यात असावे. मे महिन्याच्या अखेरीस, पावसाळा सुरू होण्यापूर्वी, एकदा सोसायटीच्या आवारात स्टेपनी बाहेर काढून चारही चाकांचे नट स्वतःच्या हाताने सैल होतात का, हे पाहावे. होत नसतील तर टायरवाल्याकडे जाऊन ते यंत्राऐवजी हातपान्याने पुन्हा आवळून घ्यावेत.